नऊ महिन्यांचा सभासद

मागच्या अंकात मढच्या पुस्तकपेटीविषयी चार ओळी छापून आल्या आणि त्यानंतर बऱ्याच जणांचे फोन आले. बहुतेकांचा प्रश्न एकच होता. पेटी ‘सहा महिने ते तीन वर्षे’ या वयासाठी आहे असे छापले आहे, ते ‘सहा ते तेरा वर्षे’ असे हवे होते का? मंडळीतल्या एका ज्येष्ठ बंधूंनी तर हसत हसत सांगितले, “बाई, सहा महिन्यांच्या पोराच्या हातात पुस्तक दिलंत तर ते खाऊन टाकील.”

छपाईची चूक नाही. आणि बाळ पुस्तक खाते, हेही खरे आहे. दोन्ही गोष्टींचा खुलासा करावा, म्हणून या वेळी संपादकांकडून जरा जास्त जागा मागून घेतली.

मढ आपल्यापैकी अनेकांना ठाऊक आहे ते जानेवारीतल्या एरंगळच्या सणामुळे. मालाडहून बस धरायची, आक्सा आणि एरंगळ मागे टाकायचे, की शेवटच्या थांब्यापाशी धक्का लागतो आणि खाडीपलीकडे वेसावे दिसते. कोळीवाडे रस्त्यावरून दिसतात. चित्रीकरणासाठी भाड्याने जाणारे बंगलेही दिसतात. पाडे दिसत नाहीत, ते झाडीत आत आहेत. तिथल्या वारली घरांतल्या बाया पहाटे बाहेर पडतात. कुणी बंगल्यावर झाडलोटीला जाते, कुणी धक्क्यावर कोलंबी सोलायला किंवा बोंबील वाळत घालायला. दिवसाच्या मजुरीवर घर चालते. अंगावर पिणारे मूल असेल तर ते बरोबर जाते. एकदा पाय फुटले, की ते आजीकडे राहते किंवा आठ-नऊ वर्षांच्या बहिणीकडे. आमची पेटी सुरू झाली ती या बहिणींमुळे. शाळेत न येणाऱ्या मुलींची यादी घेऊन मी घरोघरी फिरत होते, आणि जवळपास प्रत्येक मुलीच्या कडेवर एक मूल होते.

तेव्हा मी एक साधा हिशेब मांडून पाहिला. पाड्यावरच्या तान्ह्या बाळासाठी सरकारकडून काय येते? लसी येतात. वजन होते. सहा महिने पूर्ण झाले की अंगणवाडीतून घरी न्यायच्या आहाराची पाकिटे मिळतात. गाणी, गोष्टी, चित्रे, खेळ हे सगळे अंगणवाडीत आहे, पण ते तीन वर्षांपासून पुढे. सहाव्या वर्षी शाळा. वाचनालयाचा बालविभाग त्याहूनही उशिरा उघडतो, मूल ‘किशोर’ मासिक चाळू लागेल तेव्हा. म्हणजे जन्मापासून तीन वर्षे पोटाची काळजी सरकार घेते, कानांची आणि डोळ्यांची कुणीच घेत नाही. सुखवस्तू घरात ही उणीव कुणाला जाणवत नाही. तिथे आजोबा वर्तमानपत्र वाचतात, भिंतीवर दिनदर्शिका असते, आई बाळाला मांडीवर घेऊन चित्रातला हत्ती दाखवते. ज्या घरात छापील कागद म्हणजे फक्त रेशनकार्ड, औषधाची चिठ्ठी आणि वडापाव बांधून आलेला कागद, तिथे मूल पुस्तक पहिल्यांदा पाहते ते शाळेत. आणि तेही न समजणाऱ्या बोलीत, परीक्षेसाठी.

आता ‘बाळाला वाचता येत नाही, मग पुस्तक कशाला’ या प्रश्नाकडे येते.

जन्मलेल्या बाळाला साधारण एक वीतभर किंवा त्याहून थोडे पुढचे स्पष्ट दिसते. म्हणजे अंगावर पिताना आईचा चेहरा जेवढ्या अंतरावर असतो तेवढेच. काळ्या-पांढऱ्या ठळक आकृत्या त्याला आधी कळतात. ऐकणे तर पोटात असतानाच, शेवटच्या तीन महिन्यांत सुरू झालेले असते, म्हणून जन्मतःच ते आईचा आवाज ओळखते. सहाव्या महिन्याच्या सुमारास बसता येऊ लागते, हातात येईल ती वस्तू तोंडात जाते. पुस्तकही जाते. ते पुस्तक बिघडवत नसते, ते पुस्तक कशाचे आहे याचा तपास करीत असते. नऊ-दहा महिन्यांचे मूल बोट दाखवू लागते. ही फार मोठी घटना आहे. मूल चित्रातल्या कोंबडीकडे बोट करते, मग आईच्या तोंडाकडे पाहते. आईने “कोंबडी!” म्हटले की वस्तू, चित्र आणि शब्द या तिघांची गाठ बसते. वर्षाच्या आसपास पहिला शब्द येतो, दोन वर्षांपर्यंत दोन-दोन शब्द जोडले जातात. शब्द येतात ते कानांवर पडलेल्यांतूनच. आणि जे शब्द आपण रोजच्या कामात वापरत नाही, ते पुस्तक आणि गोष्ट घरात आणतात. “इकडे ये, जेव, झोप” एवढ्या बोलण्यात जिराफ कधी येत नाही.

माझ्या धर्मशिक्षणाच्या डिप्लोमाच्या वर्गात आमचे एक सर सांगत, की प्राचीन काळी वाचणे म्हणजे मोठ्याने वाचणे. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या आठव्या अध्यायात कूशी अधिकारी रथात बसून यशया वाचतो आहे हे फिलिप्पाला कळले कसे? त्याला ते ऐकू आले. मुकाट्याने वाचण्याची सवय आपल्याला शाळेने लावली. बाळाला मात्र अजून तेच जुने वाचन कळते, ज्यात आवाज आहे आणि शेजारी बसलेला माणूस आहे.

ही कल्पना आमची नाही, हे प्रांजळपणे सांगते. इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅम शहरात १९९२ साली ती पद्धतशीरपणे करून पाहिली गेली. बुकट्रस्ट या धर्मादाय संस्थेत काम करणाऱ्या वेंडी कूलिंग यांनी शाळेच्या पहिल्या दिवशी एक पाच वर्षांचा मुलगा पाहिला होता. त्याच्या हातात पुस्तक दिले तर त्याचे काय करायचे हे त्याला ठाऊक नव्हते. पुस्तक कधी हातात आलेच नव्हते. त्यातून ‘बुकस्टार्ट’ उभे राहिले. शहराचे ग्रंथालय, आरोग्य खाते आणि विद्यापीठ एकत्र आले आणि ३०० कुटुंबांना त्यांच्या बाळाच्या तपासणीच्या वेळी, सात ते नऊ महिन्यांच्या वयात, एक पिशवी दिली गेली. पिशवीत बाळाचे पुस्तक, बालगीताचे कार्ड आणि ग्रंथालयाचे सभासद होण्याचे आमंत्रण होते. पिशवी देणारी व्यक्ती ग्रंथपाल नव्हती, घरोघरी जाणारी आरोग्यसेविका होती. मला यातली सगळ्यात शहाणी गोष्ट हीच वाटते. ज्या आईने आयुष्यात ग्रंथालयाची पायरी चढलेली नाही, तिला बोलावून ती येणार नाही. पण लस द्यायला ती येतेच. विद्यापीठाच्या अभ्यासकांनी यातल्या काही मुलांवर पुढे लक्ष ठेवले. त्यांच्या घरांत पुस्तक पाहण्याची आणि ग्रंथालयात जाण्याची सवय जास्त आढळली आणि शाळेत पाऊल टाकताना ही मुले बरोबरीच्या मुलांपेक्षा पुढे होती. जपानने २००० साली तोकियोच्या सुगिनामी भागात प्रयोग करून पुढच्या वर्षापासून हे काम देशभर नेले. अमेरिकेत बॉस्टनच्या रुग्णालयातील बालरोगतज्ज्ञांनी १९८९ पासूनच तपासणीला आलेल्या मुलांना पुस्तक देण्याची प्रथा पाडली होती.

ग्रंथालयांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने २००७ मध्ये तान्ही बाळे आणि रांगती-चालती मुले यांच्या सेवेसाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली. ती मी वाचली तेव्हा मला गंमत वाटली, कारण त्यांत अवघड असे काहीच नाही. जमिनीवर बसता येईल अशी स्वच्छ जागा. तोंडात घातले तरी इजा होणार नाही अशी खेळणी आणि पुस्तके. अंगावर पाजायला आडोसा. बाळांच्या झोपेच्या वेळा सांभाळून ठेवलेला कार्यक्रम. घरात जी भाषा बोलली जाते त्या भाषेतले साहित्य. आणि पालकांना, विशेषतः ज्यांना वाचता येत नाही त्यांना, अवघडल्यासारखे वाटू नये याची काळजी. यातल्या एकाही गोष्टीला मोठी इमारत लागत नाही.

मग आपल्याकडे हे का नाही?

याचे उत्तर शोधताना मला आपल्या ग्रंथालय चळवळीविषयी आदरच वाढला, हे आधी नमूद करते. आपल्याकडे ही चळवळ लहान नाही. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याच्या शेतकरी घरातून बडोद्याच्या गादीवर गेलेले सयाजीराव गायकवाड यांनी १९१० साली अमेरिकेतून विल्यम बोर्डन यांना बोलावून आपल्या संस्थानात ग्रंथालयांचे जाळे विणले. मध्यवर्ती ग्रंथालयात मुलांसाठी वेगळी सोय केली, खेड्यांत फिरत्या पेट्या पाठवल्या. आमची मढची पेटी ही त्या पेट्यांचीच नात म्हणायची. कोल्हापूर संस्थानाने १९४५ मध्ये सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला, तो भारतातला पहिला. महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ चा, १ मे १९६८ पासून तो लागू आहे.

या कायद्याने सरकारने स्वतः गावोगावी ग्रंथालये काढली नाहीत. लोकांनी चालवलेल्या वाचनालयांना मान्यता द्यायची, त्यांना अ, ब, क, ड असे वर्ग लावायचे आणि वर्गानुसार अनुदान द्यायचे, अशी ही रचना आहे. काही राज्यांत ग्रंथालयासाठी वेगळा कर आहे, आपल्याकडे नाही. वर्ग ठरतो तो ग्रंथसंख्या, सभासद, नियतकालिके अशा मोजता येणाऱ्या गोष्टींवर. वाचनालयाच्या कार्यकारिणीला रजिस्टर दाखवावे लागते. अशा रचनेत चावलेले, फाटलेले, दर सहा महिन्यांनी बदलावे लागणारे पुस्तक म्हणजे निव्वळ तोटा. आणि जो सभासद वर्गणी भरू शकत नाही, सही करू शकत नाही, पुस्तक घेताना रडतो, तो कोणत्या रकान्यात लिहायचा? ग्रंथपालांना तुटपुंज्या मानधनावर काम करावे लागते. त्यांच्याकडून बाळांसाठी चटई अंथरण्याची अपेक्षा करताना आपण आधी त्यांचे हात मोकळे आहेत का हे पाहायला हवे.

तरीही एक प्रसंग सांगते. काही वर्षांपूर्वी उपनगरातल्या एका वाचनालयात मी पाड्यावरच्या एका आईला घेऊन गेले होते. कडेवर तिची सव्वा वर्षाची मुलगी. तिथल्या बाई वाईट नव्हत्या, त्यांनी बसायला खुर्ची दिली, पाणी दिले. अनामत रक्कम, मासिक वर्गणी आणि पत्त्याचा पुरावा लागेल असे सांगितले. पाड्यावरच्या घराला पत्त्याचा पुरावा ही काय चीज असते ते इथे काम करणाऱ्यांना माहीत आहे. मी म्हटले, ते मी बघते, पण या मुलीसाठी काही चित्रांची पुस्तके मिळतील का? बाई हसून म्हणाल्या, “वाचायला लागली की घेऊन या ना हिला.” मुलीने तोवर टेबलावरच्या मासिकाचे पान ओढले आणि ते फाटले. परतताना बसमध्ये ती आई म्हणाली, “ताई, मलाच वाचता येत नाही, तर हिला कुठलं येणार. उगाच तुमचा दिवस गेला.” त्या फाटलेल्या पानाचे पैसे तिने पुढच्या आठवड्यात माझ्या हातावर ठेवले. मी घेतले नाहीत. तिने ते धान्याच्या डब्याखाली ठेवून दिले, “द्यायचे असतील तर असू देत” म्हणाली.

त्या दिवशी मला प्रश्न पडला, की ग्रंथालय तिच्या अंगणात का जाऊ नये? हा प्रश्न विचारणारी मी पहिली नव्हते, आणि इथून पुढची गोष्ट आपल्याच मातीतली आहे.

ताराबाई मोडक यांनी गिजुभाई बधेकांबरोबर भावनगरात बालशिक्षणाचे काम केले आणि १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ सुरू झाला. शहरातल्या मुलांसाठी ते उत्तम चालले. पण मादाम माँटेसरींची साधने महागडी, आणि गरिबांचे मूल त्यात कुठेच नव्हते. १९४५ साली ताराबाई आज पालघर जिल्ह्यात असलेल्या बोर्डीला आल्या आणि अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. अनुताई लहानपणी लग्न होऊन लहानपणीच विधवा झालेल्या, पुढे शिकून शिक्षिका झालेल्या. या दोघींनी बालवाडी काढली, पण वस्तीतली मुले येईनात. वाट पाहत बसण्याऐवजी त्यांनी बालवाडीच उचलून वस्तीत नेली, झाडाखाली, झोपडीपुढच्या अंगणात. ‘अंगणवाडी’ हा शब्द तिथला आहे. मुलांना आधी आंघोळ घालायची, केस विंचरायचे, मग गाणी आणि गोष्टी. महागड्या साधनांच्या जागी शंख-शिंपले, बिया, पाने, दगड, माती. अशा साधनांना पैसा लागत नाही आणि मुलाला ती परकी वाटत नाहीत.

१९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेले, वारली वस्तीच्या मधोमध. तिथे त्यांच्या लक्षात आले ते मला मढमध्ये साठ वर्षांनी पुन्हा दिसले. मोठी मुलगी शाळेत येत नाही, कारण तिच्या कडेवर धाकटे भावंड आहे. मुलगा येत नाही, कारण त्याच्याकडे गुरे आहेत. तेव्हा त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली आणि तिला ‘विकासवाडी’ म्हटले. बहीण वर्गात, धाकटे पाळणाघरात, मधल्या सुट्टीत दोघांची भेट. गुराख्यांसाठी ‘कुरणशाळा’ निघाली, गुरे चरतात तिथेच शिक्षक. ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण मिळाले, अनुताईंना १९८५ मध्ये पद्मश्री. पण माझ्या मते त्यांचा खरा सन्मान वेगळाच आहे. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली, तिच्या प्रत्येक केंद्राला आज देशभर अंगणवाडी म्हणतात. मढच्या अंगणवाडीच्या पाटीवर जो शब्द रंगवलेला आहे, तो डहाणूच्या वारली अंगणातून आला आहे. पाड्यावरच्या आयांना मी हे सांगितले तेव्हा त्यांच्यापैकी एक म्हणाली, “म्हणजे आमचीच आहे की ही.”

त्याच परिसरात अनुताई आणि रमेश पानसे यांनी १९८२ मध्ये ग्राममंगल उभी केली. वाडा तालुक्यातल्या सोनाळ्याची क्वेस्ट ही संस्था २००७ पासून अंगणवाड्यांत आणि आश्रमशाळांत भाषा आणि वाचनाचे काम करते. त्यांच्या ‘गोष्टरंग’मध्ये तरुण कलाकार चित्रपुस्तकातली गोष्ट मुलांपुढे नाट्यरूपाने सादर करतात. ज्यांना शक्य आहे त्यांनी ते काम जाऊन पाहावे. केंद्र सरकारनेही २०२४ मध्ये जन्मापासून तीन वर्षांपर्यंतच्या बाळांसाठी ‘नवचेतना’ नावाचा आराखडा आणला आहे. घरी जाऊन आईला बाळाशी खेळायला, बोलायला कसे सांगावे हे त्यात आहे. म्हणजे अंगणवाडी सेविकेच्या कामात आता हे वय आले. तिच्या इतर रजिस्टरांतून तिला वेळ मिळतो का, हा प्रश्न वेगळा.

आता आमच्या पेटीविषयी, आणि माझ्या चुकीविषयी.

पहिले वर्ष मी वाया घालवले. देणगीतून आलेली नवी कोरी पुस्तके मी कुलुपाच्या कपाटात ठेवली आणि महिन्यातून एकदा काढून, हात धुवायला लावून, माझ्या देखरेखीखाली दाखवली. पुस्तके जशीच्या तशी राहिली. मुलांमध्ये तर काहीच फरक पडला नाही. एका आजीने मला शहाणे केले. तिने विचारले, “देवाची आहेत का ती पुस्तकं?” मी नाही म्हटले. “मग घरी का देत नाहीस?” त्या आठवड्यात कपाट रिकामे केले.

आता पद्धत अशी आहे. लसीकरणाच्या दिवशी, नर्सबाईंच्या आणि अंगणवाडीताईंच्या संमतीने, आमची एक कार्यकर्ती शेजारी चटई टाकून बसते. नवव्या महिन्याची गोवर-रुबेलाची लस झाली, की बाळाला सभासद करून घेतो. इंजेक्शन टोचल्यावर रडणारे मूल गप्प करायला पुस्तक फार उपयोगी पडते, हा आम्हाला अनपेक्षित मिळालेला लाभ. बर्मिंगहॅमकरांनी जवळपास हेच वय निवडले होते, आम्ही ते लसीच्या कार्डावरून शोधले. कार्ड नाही, अनामत नाही, दंड नाही. वहीत बाळाचे नाव आणि पुस्तकाचे चित्र काढलेले असते, म्हणजे निरक्षर आजीलाही आपण काय नेले ते ओळखता येते. एका वेळी एकच पुस्तक, पुढच्या वेळी बदलून. हरवले तर हरवले.

तीन-चार गोष्टी आम्हाला अनुभवाने कळल्या. पुस्तकात शब्द जितके कमी तितके ते पाड्यावर जास्त चालते. घरातली वारली बोली आणि छापील मराठी यांत अंतर आहे, आणि अक्षर न येणारी आई मजकूर दिसला की पुस्तक माझ्याकडे परत सरकवते. फक्त चित्रे असली तर ती स्वतःच्या बोलीत सांगू लागते, आणि मग थांबत नाही. एका पुस्तकात बाई विहिरीवर पाणी भरते आहे, एवढेच चित्र होते. त्यावर एका आजीने पाऊण तास गोष्ट सांगितली. त्यातली पहिली दहा मिनिटे बाळासाठी होती, नंतरची बहुधा आमच्यासाठी. माधुरी पुरंदरे यांची ‘राधाचं घर’ ही मालिका आमच्याकडे हातोहात जाते, कारण आई, बाबा, आजी, आजोबा सगळ्यांना ओळखीचे. पण जाड पुठ्ठ्याच्या पानांची, बाळाच्या मुठीत मावणारी मराठी पुस्तके बाजारात फार थोडी. इंग्रजीत ढीगभर आहेत. त्यांतले सफरचंद आणि बर्फाचा माणूस पाड्यावर दाखवून आम्ही काय मिळवणार?

म्हणून आम्ही कापडाची पुस्तके शिवतो. मंडळीतल्या भगिनींनी गेल्या पावसाळ्यात जुन्या सुती साड्या आणि रंगीत चिंध्या यांतून ती केली. प्रत्येक पानावर एकच वस्तू. होडी, खेकडा, ताडाचे झाड, कोंबडी, चूल. ती धुता येतात, चावता येतात. मढच्या हवेत हे फार महत्त्वाचे. खाऱ्या दमट वाऱ्याने कागद पावसाळ्यात आठवडाभरात बुरसतो. कागदी पुस्तकांच्या पेटीत आम्ही वाळलेला कडुलिंब घालतो आणि ऊन पडेल तेव्हा बोंबलांच्या शेजारीच पुस्तके वाळत ठेवतो. त्यांना वास लागतो, कुणाची तक्रार नाही.

वेळेचेही असेच. सुरुवातीला आम्ही सकाळी दहा ही वेळ ठेवली, कार्यालयाला सोयीची म्हणून. त्या वेळी आया धक्क्यावर. आता दुपारी तीननंतर. जून-जुलैत मासेमारी बंद असते, तेव्हा धक्क्यावरचे काम थांबते आणि हाती पैसा नसतो, पण आई घरात असते. ते दोन महिने आम्ही पेटी आठवड्यातून दोनदा फिरवतो.

मोबाईलचा विषय टाळता येणार नाही. पाड्यावर पुस्तक नसले तरी फोन आहे, आणि रडणाऱ्या बाळापुढे तो धरला जातो. आपल्या घरांतही वेगळे घडत नाही, तेव्हा पाड्यावरच्या आईला बोल लावू नये. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितले, की दोन वर्षांच्या आतल्या बाळांना पडदा दाखवूच नये, आणि पुढे चार वर्षांपर्यंत दिवसाला तासाभराहून जास्त नाही. कारण सोपे आहे. फोन बाळाशी बोलतो, पण बाळ काय म्हणाले ते ऐकत नाही. त्याने बोट दाखवले तर थांबत नाही. आम्ही आयांना फोन बंद करा असे सांगत नाही. “आधी पुस्तक, मग बघू” एवढेच सांगतो. बऱ्याचदा ‘मग’ची वेळ येत नाही.

काही देणगीदारांनी विचारले, की या पेटीत पवित्र शास्त्रातल्या गोष्टींची चित्रपुस्तके का नाहीत. प्रश्न रास्त आहे, उत्तरही सरळ देते. आम्ही अंगणवाडीच्या ओट्यावर, सरकारी लसीकरणाच्या दिवशी, वेगवेगळ्या श्रद्धेच्या घरांतल्या बाळांना पुस्तक देतो. तिथे आयांनी आमच्यावर टाकलेला विश्वास आम्ही वेगळ्या कारणासाठी वापरणार नाही. आपल्याच इतिहासाची आठवण देते. अमेरिकन मराठी मिशनने १८७३ मध्ये ‘बालबोधमेवा’ हे मुलांचे मासिक सुरू केले, मराठी मुलांच्या हातात नियमित वाचन देणाऱ्या पहिल्या प्रयत्नांपैकी ते एक. मुलांना वाचायला देणे हेही मिशनचे काम होते, आणि ते आपल्या पूर्वजांना कमी दर्जाचे वाटले नव्हते.

पुस्तके पाठवू इच्छिणाऱ्यांना विनंती. जुनी गाईडे, इंग्रजी मुळाक्षरांचे तक्ते, पाने सुटलेली मासिके पाठवू नयेत. मागच्या वेळी दोन पोती आली, त्यांतून बाळाच्या हाती देण्यासारखी सात पुस्तके निघाली. जाड पानांची, कमी शब्दांची, मराठी मुलुखातली झाडे, प्राणी, माणसे असणारी पुस्तके हवी आहेत. ज्यांना शिवण येते त्यांनी कापडी पुस्तकांसाठी पहिल्या शनिवारी कार्यालयात यावे. कात्री आपली आणावी, आमच्याकडे दोनच आहेत. बटणे लावू नयेत, ती तुटून घशात जातात. आणि ज्यांच्या वस्तीत वाचनालय आहे आणि जे त्याचे सभासद आहेत, त्यांनी तिथल्या वार्षिक सभेत एकच गोष्ट मांडून पाहावी. आठवड्यातला एक तास, एक चटई, वीस चित्रपुस्तके, आणि त्या वीस पुस्तकांपुरता फाटल्याचा दंड माफ. वाचनालयांची माणसे पुस्तकांवर प्रेम करणारीच असतात. त्यांना कुणी विचारलेले नसते, इतकेच.

मी ज्या वाचनालयात गेले होते, तिथल्या बाईंना या पावसाळ्याआधी पुन्हा भेटले. आमची कापडी पुस्तके दाखवली. त्यांनी ती उलटसुलट करून पाहिली आणि विचारले, ही दाखल करायची तर रजिस्टरमध्ये पृष्ठसंख्या काय लिहायची. मी म्हटले, आठ. त्यांनी दोन ठेवून घेतली. ती ज्या मुलीमुळे शिवायला घेतली, ती आता साडेचार वर्षांची आहे आणि अंगणवाडीत जाते. मासिकाच्या पानाचे ते पैसे अजून तिच्या आईच्या डब्याखाली आहेत. पुढच्या महिन्यात आम्ही तिघी त्या वाचनालयात जाणार आहोत, तेव्हा ती ते बरोबर घेणार आहे.